सोडा म्हणजे सोडा

विहिरीत बादली सोडली की पाण्याचा नाही, दगडाचा आवाज यायचा. उन्हाळा अजून अर्धाही सरला नव्हता आणि गावच्या विहिरीने हात वर केले होते. माणसांना प्यायला टँकर यायचा, पण टँकरवाला म्हशींना माणसांत धरत नसे. त्यांच्यासाठी एकच जागा उरली होती, माळापलीकडचं तळं.

गवंड्याच्या घराच्या मागच्या दारातून निघावं, काटेरी झुडपं चुकवत माळ उतरावा, की समोर तळं. थोरली म्हैस ही वाट डोळे मिटून चालायची. तिच्यामागे धाकटी, आणि धाकटीच्या मागे काठी टेकत गवंड्याची आई. काठी म्हशी हाकायला नाही, स्वतःला हाकायला आहे, असं म्हातारी सांगायची. तिचे गुडघे कधीचेच दगा देऊन बसले होते. पण सकाळ-संध्याकाळ म्हशी पाण्यावर न्यायच्या, हे काम तिने सुनेला कधी करू दिलं नव्हतं. तेवढंच तिचं राज्य होतं आणि ते ती कुणाला देणार नव्हती.

त्याच माळावर आता विद्यापीठ यायचं होतं.

नुसतं विद्यापीठ म्हटलं तर तिथल्या कामावरच्या मुकादमाला राग यायचा. माळावर लावलेल्या फलकावर लिहिलं होतं तसं पूर्ण म्हणायचं, 'नियोजित विद्यापीठ व संशोधन संकुल'. प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृहं, बी-बियाण्यांचं केंद्र, आणखी कशाकशाच्या इमारती फलकावर रंगवलेल्या होत्या, आणि त्यांच्यामधून हिरव्यागार गवतावर चालणारी माणसंही रंगवली होती. त्या माणसांच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. म्हातारीने फलक बराच वेळ पाहिला होता आणि विचारलं होतं, "संशोधन म्हणजे शोधणार ना? मग हरवलंय काय यांचं?"

काम सुरू व्हायच्या आधी गावात सभा झाली होती. मोठे साहेब आले, ज्ञानावर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेबद्दल बोलले. आता जमिनीतून नाही, डोक्यातून पीक निघणार, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सभा संपता संपता म्हातारी काठीवर जोर देऊन उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, भिंत बांधणार म्हणता. मग तळ्याच्या वाटेचं काय?"

साहेब छान हसले. "आजी, तेवढं सोडा हो. उद्या तुमच्या गावातली मुलं शास्त्रज्ञ होतील, त्याचा विचार करा."

सगळे हसले. म्हातारी खाली बसली आणि सुनेच्या कानाशी पुटपुटली, "होऊ देत की. म्हशीला तहान आज लागलीय."

सुनेला, म्हणजे गवंडिणीला, तो 'सोडा' चांगलाच लागला. तिला तो नवा नव्हता. दवाखान्यात दुखणं सांगायला लागलं की, दुकानात वजन कमी भरलंय म्हटलं की, कचेरीत खिडकीपाशी उभं राहिलं की, समोरचा माणूस हात झटकायचा आणि म्हणायचा, तेवढं सोडा हो बाई. आजवर ज्याने त्याने तिला हेच सोडायला लावलं होतं. साहेबांनी काही वेगळं केलं नव्हतं.

पण काम मात्र मिळालं. संकुलाची भिंत बांधायला गवंडी हवे होते आणि गावातला गवंडी म्हणजे तिचा नवरा. गाव त्याला ओळंबा म्हणायचं. एक कारण म्हणजे तो ओळंब्याशिवाय एक थर चढवायचा नाही, आणि दुसरं म्हणजे स्वतःही तसाच होता, दोरीला लटकवलेल्या वजनासारखा सरळ. वाकडं बोललेलं त्याला कळायचं नाही. लग्नात कुणी थट्टेने म्हटलं होतं, जरा बायकोकडे बघा की, तर तो जेवण होईपर्यंत बघत राहिला होता.

तो थर लावायचा आणि गवंडीण त्याच्या हाताखाली माल कालवायची, घमेली वाहायची. कामावर पिवळ्या प्लास्टिकच्या टोप्या सक्तीच्या होत्या. गोल टोपीवर चुंबळ राहायची नाही आणि चुंबळीशिवाय घमेलं राहायचं नाही. पहिल्या दिवशी तिच्या खांद्यावरून सगळा माल खाली आला. मुकादम म्हणाला, "जीव वाचवायला दिलीय टोपी." ती म्हणाली, "मग घमेलं तुम्ही घ्या." तेव्हापासून तिने घमेलं कमरेवर घ्यायला सुरुवात केली. संध्याकाळी एक कूस दुसरीहून खाली गेल्यासारखी वाटायची.

भिंत मोठ्या फाटकापासून निघाली आणि गावच्या अंगाने पुढे सरकू लागली. विटेवर वीट बसत होती, काम सरळ चाललं होतं, मुकादमसुद्धा ओळंब्याच्या कामाला नावं ठेवत नव्हता. आणि गवंडीण मात्र रोज सकाळी आधी पुढे नजर टाकायची, तळ्याची वाट अजून किती लांब आहे ते बघायला. तिने कालवलेल्या मालानेच भिंत त्या वाटेकडे चालली होती. वाट बंद झाली की तळ्यावर जायला मोठ्या रस्त्याने सगळ्या संकुलाला वळसा. म्हातारीच्या गुडघ्यांना ते झेपणार नव्हतं, आणि ही दोघं दिवसभर कामावर. म्हणजे म्हशी विकायच्या.

हे घरात कुणी तोंडाने बोललं नव्हतं, पण गुरांच्या दलालाला वास लागला होता. तो येऊन गोठ्यात वाकला, थोरलीचा ओठ वर करून दात पाहिले आणि म्हणाला, "वय झालं."

म्हातारी म्हणाली, "तुझंही झालंय. तुझे दात कुणी बघतं का?"

दलाल हसत गेला, पण परत येतो म्हणून गेला. म्हातारी मग बराच वेळ थोरलीच्या मानेवरून हात फिरवत बसली होती. गवंडिणीने ते पाहिलं आणि ठरवलं की नवऱ्याला विचारायलाच लावायचं.

विचारायचं कुणाला, तर नकाशेबाईंना. संकुलाचा सगळा आराखडा या बाईंनी काढला होता. उन्हाने रापलेला चेहरा, बुटांवर धूळ, काखेत गुंडाळलेला नकाशा. त्या आल्या की मुकादमाला बाजूला सारून सरळ गवंड्यांशी बोलायच्या. "इथे पावसाचं पाणी निघायला भोकं सोडा," "हा कोपरा गोल घ्या," असं चालता चालता सांगत जायच्या. गवंड्यांना त्यांचं बोलणं पटकन कळायचं.

भिंत वाटेजवळ पोचली त्या दिवशी नकाशेबाई आल्या.

"अहो, विचारा ना," गवंडीण म्हणाली.

"काय विचारू?"

"वाटेचं. दुसरं काय?"

"नकाशात असेल ते असेल."

"नकाशात म्हशी नसतात. जा, विचारा."

ओळंबा थापी हातात घेऊनच पुढे झाला. "बाई, इथनं तळ्याची वाट जाते. आमच्या म्हशी जातात पाण्यावर. तिचं काय करायचं?"

नकाशेबाईंनी मान वळवून वाटेकडे पाहिलं. खुरांनी तुडवून तुडवून ती जागा खोलगट झाली होती. त्या काहीतरी बोलणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी नकाशा काखेत मारला, "तेवढं सोडा," म्हणाल्या, आणि फोन कानाला लावून गाडीकडे निघून गेल्या.

झालं. विचारून झालं. गवंडिणीने फावडं उचललं आणि मालात असं घातलं की पाणी उडून तिच्याच तोंडावर आलं. साहेब तरी हसून म्हणाले होते. बाईंनी तर फोन घेता घेता उरकलं.

ओळंबा परत आला, थापी पुसली आणि म्हणाला, "म्हशी जोडीने जातात की एकामागे एक?"

"कुठे?"

"पाण्यावर."

"एकामागे एक." तिला वाटलं, काहीतरी बोलून मन रमवतोय बिचारा. "पण थोरली आडवी चालते. माहितीय ना तुम्हाला."

"मग जरा ऐसपैस पाहिजे."

आणि त्याने दोरीची खुंटी उपटली, वाटेच्या अलीकडे आणून ठोकली, आणि भिंतीचा शेवट तिथेच करायला घेतला. एक वीट बाहेर, एक आत, एक बाहेर, एक आत. गवंडी याला दात ठेवणं म्हणतात. पुढे काम जोडायचं असलं तर नवी वीट या दातांत बसते. मग वाट ओलांडून त्याने पलीकडे दुसरी खुंटी ठोकली.

गवंडीण घमेलं कमरेवर घेऊन उभीच राहिली. तिच्या ध्यानात यायला वेळ लागला. या माणसाला आयुष्यभर लोकांनी काय काय सोडायला सांगितलं होतं? दाराला जागा सोडा, खिडकी सोडा, गटाराला भोक सोडा. गवंड्याच्या कानाला 'सोडा'चा एकच अर्थ माहीत. बाई म्हणाल्या सोडा, आणि याने सोडलं.

"अहो," तिने तोंड उघडलं.

"काय?"

समोरून म्हातारी म्हशी घेऊन तळ्यावरून परत येत होती. थोरलीच्या अंगावरचं पाणी अजून निथळत होतं. दोन दातेरी भिंतींच्या मधून ती आडवी आडवी आली, एका बाजूच्या विटांना पोट घासून गेली, आणि घराकडे वळली.

"काही नाही," गवंडीण म्हणाली. "माल पातळ झालाय का, म्हटलं."

"बरोबर आहे."

"आणि हे दात कशाला?"

"असू देत," तो म्हणाला. "पुढेमागे काही लागलं तर."

मुकादम तेव्हा संकुलाच्या दुसऱ्या टोकाला ग्रंथालयाच्या स्लॅबमध्ये अडकला होता, म्हणून काही दिवस सुखाचे गेले. भिंत वाटेच्या पलीकडून पुढे निघाली. म्हशी रोज मधून जात-येत राहिल्या. काम करणाऱ्या बाकीच्या बायकांनीही तळ्यावरून हात-पाय धुऊन यायला तीच वाट धरली. गवंडीण काही बोलली नाही. रोज सकाळी ती मनाशी म्हणायची, आज सांगते, आणि थोरलीला त्या फटीतून जाताना पाहिलं की तिची जीभ टाळूला चिकटायची. नवऱ्याला फसवते आहे असं तिला वाटत होतं, आणि ते खरंच होतं. पण फसवण्याने वाट उघडी राहत होती. शिवाय मनात एक जागा अशीही होती जिला हे सगळं आवडत होतं. ज्या शब्दाने तिला इतकी वर्षं दारातून परत पाठवलं होतं, त्याच शब्दाने भिंतीत भगदाड पडलं होतं.

मग मुकादम आला. भिंतीच्या कडेने चालत आला, फटीपाशी थांबला, एकदा आत गेला, एकदा बाहेर आला.

"हे काय आहे?"

"वाट," ओळंबा म्हणाला.

"वाट आहे ते मलाही दिसतंय. कुणाच्या बापाची?"

"तळ्याची."

कुणीतरी मागे हसलं. मुकादमाचे कान लाल झाले. "कुणी सांगितलं सोडायला?"

"नकाशेबाईंनी."

"तुला सांगितलं? मला नाही, कंत्राटदाराला नाही, तुला?"

"मी विचारलं. त्या म्हणाल्या, तेवढं सोडा. म्हणून तेवढं सोडलं."

मुकादम बघतच राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. गवंडिणीला ते हसू नको झालं. तिला जे कळलं होतं तेच त्यालाही कळलं होतं.

"तेवढं सोडा, म्हणाल्या?" त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "अरे, ऐकलं का रे? बाई म्हणाल्या, ते बोलणं सोड. आणि याने भिंत सोडली!"

सगळे हसले. माल वाहणाऱ्या बायकासुद्धा तोंडावर हात ठेवून हसल्या. ओळंबा काही हसला नाही. तो म्हणाला, "बाईंनी येऊन सांगावं बुजव म्हणून. बुजवतो."

"बाई येतायत उद्या. तोवर थापीला हात लावायचा नाही. आणि त्यांनी नाही म्हटलं की स्वतःच्या हाताने बुजवायचं आणि दोघांनी चालू पडायचं. टोप्या काढा. त्या कामावरच्या माणसांना आहेत."

दोघांनी टोप्या काढून दिल्या. इतके दिवस त्या टोपीला शिव्या घालणाऱ्या गवंडिणीला डोकं उघडं पडल्यासारखं झालं. उरलेला दिवस दोघं विटांच्या ढिगाजवळ बसून राहिली. सावली नव्हती. पाण्याचं पिंप समोर होतं, पण उठून पाणी प्यायला जावंसं वाटेना. येणारे-जाणारे बघत होते. एकजण जाता जाता म्हणाला, "ओळंबा, बायको म्हणाली सोडा, तर तिलाही सोडशील काय रे?" ओळंबा हातातली विटेची कपची फिरवत राहिला.

संध्याकाळी म्हातारी म्हशी घेऊन मधून गेली तेव्हा तिने विचारलं, "आज बसलात?"

"आराम दिलाय," गवंडीण म्हणाली.

"तोंडावरून तसं वाटत नाही," म्हणत म्हातारी पुढे गेली.

घरी आल्यावर गवंडीण धार काढायला बसली. दिवेलागण झाली होती. दुधाची धार भांड्यावर वाजत होती आणि ओळंबा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून स्वतःच्या थापीवरचा सुकलेला माल नखाने काढत होता. म्हातारी वैरण टाकत होती. गवंडिणीने थोरलीच्या पोटाला कपाळ टेकवलं आणि तशीच बोलली.

"अहो. मुकादम म्हणतो ते खरं आहे. बाई सोडा म्हणाल्या ते 'जाऊ द्या' अशा अर्थाने."

"तुला काय माहीत?"

"मला तेव्हाच कळलं होतं."

त्याचं नख थांबलं. "तेव्हाच?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही वाट बंद केली असती."

"केली असती," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, पण तिला राग परवडला असता. "म्हणजे मी चुकीचं काम केलं आणि रोज त्यावर दोरी लावून पुढे गेलो. सगळे हसले तेव्हा मला वाटलं, हसू देत, आपलं बरोबर आहे."

धार थांबली. थोरलीने मान वळवून मागे पाहिलं.

"अरे पण ती बाई काय म्हणाली, ते त्या बाईलाच विचारा की," म्हातारी म्हणाली. "तुम्ही दोघं गोठ्यात बसून तिच्या पोटातलं काय काढताय?"

"आई, त्यात विचारायचं काही नाही," गवंडीण म्हणाली. "सोडा म्हणजे काय, ते मला चांगलं कळतं."

ओळंबा उठला. "उद्या लवकर जाऊ. बाई यायच्या आत मीच बंद करतो. कुणी सांगायच्या आत."

"आणि म्हशी?"

तो हात-पाय धुवायला गेला आणि बराच वेळ आत आला नाही. म्हातारीने वैरणीची शेवटची पेंढी थोरलीपुढे टाकली.

सकाळी दोघं कामावर गेली तेव्हा उन्हाला अजून धार नव्हती. ओळंब्याने मुकादमाला सांगितलं, "माझं चुकलं. बंद करतो." मुकादम खुशीत आला. त्याने टोप्या परत दिल्या, कमरेवर हात ठेवून बाजूला उभा राहिला आणि ओळंब्याला शहाणपणाच्या चार गोष्टी सांगू लागला. ओळंब्याने एका टोकाच्या दातांपासून दुसऱ्या टोकाच्या दातांपर्यंत दोरी ओढली. गवंडिणीने माल कालवला. इतकी घमेली वाहिली होती तिने, पण त्या सकाळचं घमेलं काही केल्या उचलवेना. दोन वेळा खाली ठेवलं, तिसऱ्यांदा कमरेवर घेतलं.

पहिला थर लागला. मग त्यावर दुसरा.

एवढ्यात म्हातारी आली. पुढे थोरली, मागे धाकटी. थोरली त्या दोन विटांच्या उंचीपाशी आली आणि थांबली. पाय उचलला असता तर सहज ओलांडली असती. तिने नाक खाली नेऊन ओल्या मालाचा वास घेतला, फुर्र केलं आणि उभी राहिली. धाकटी मागून तिच्या अंगावर आली. म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून लेकाकडे बघत राहिली. ओळंबा खाली मान घालून थापीने माल ओढत होता, आणि जिथे माल बरोबर बसला होता तिथेच पुन्हा पुन्हा ओढत होता.

"हाका त्यांना मोठ्या रस्त्याने," मुकादम म्हणाला.

गाडीचा आवाज आला. नकाशेबाई उतरल्या आणि भिंतीच्या कडेने झपाझप चालत आल्या. फटीपाशी येऊन थांबल्या. ओल्या विटांकडे पाहिलं, म्हशींकडे पाहिलं.

"हे काय चाललंय?"

मुकादम पुढे धावला. "काही नाही बाई. गवंड्याने घोटाळा करून ठेवला होता, निस्तरून घेतोय."

"कसला घोटाळा?"

"वाट सोडली होती भिंतीत."

"मग?" नकाशेबाई म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं सोडायला."

मुकादमाचा हात कमरेवरून खाली आला. गवंडिणीच्या कमरेवर भरलेलं घमेलं होतं आणि ते आपण धरलं आहे हेही ती विसरली. शेवटी तीच बोलली.

"बाई, तुम्ही म्हणालात ना, तेवढं सोडा. ते म्हणजे, जाऊ द्या... आता ते बोलू नका. असंच ना?"

नकाशेबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "असं कशाला म्हणेन? तुमच्या नवऱ्याने मला कामाचं विचारलं, मी कामाचं सांगितलं. भिंतीपाशी उभं राहून गवंड्याला सोडा म्हटलं, तर गवंडी काय करतो?"

"सोडतो," ओळंबा म्हणाला.

"मग झालं तर." त्या मुकादमाकडे वळल्या. "तुम्हाला सांगायचं राहून गेलं. नेमका तुमचाच स्लॅबचा फोन आला तेव्हा, त्या गडबडीत डोक्यातून निघून गेलं. चूक माझी."

"पण बाई, संकुलातून म्हशी जाणार?"

"आधीपासून जातायत. आपण आत्ता आलोय. झाडांना कडेने कुंपण घाला, वाट मोकळी राहू द्या, तळ्याच्या अंगालाही भिंतीत अशीच जागा सोडा. आणि उद्या इथे शिकायला येतील ती मुलं तळ्यावर भिंतीवरून उड्या मारून जाणार आहेत का?"

म्हातारी तेव्हा पहिल्यांदा बोलली. "मी काल रात्रीच सांगत होते, त्या बाईला विचारा म्हणून. पण आमच्या घरात सगळे पंडित."

नकाशेबाई हसल्या. ओळंबाही हसला. गवंडिणीला मात्र हसू येता येता रडू आलं, आणि सगळ्यांसमोर आलं म्हणून स्वतःचाच राग आला. तिने घमेलं धाडकन खाली ठेवलं, वाकली आणि दुसऱ्या थराची पहिली वीट दोन्ही हातांनी उपटली. माल ओलाच होता, वीट सुटून हातात आली. मग दुसरी, मग तिसरी. कुणी हात लावायला आलं तर तिने कोपराने ढकललं. तिला सारखं वाटत होतं की बाई तिच्याशी सरळ बोलल्या होत्या आणि तिनेच ते वाकडं ऐकलं होतं. इतक्या जणांनी इतक्या वेळा वाकडं ऐकवलं होतं की सरळ बोलणं ओळखू येईना झालं होतं. विटा निघत होत्या तशी छाती हलकी होत होती. शेवटची वीट तिने इतकी लांब भिरकावली की मुकादमाला बाजूला व्हावं लागलं.

"चल गं," म्हातारी म्हणाली. थोरलीने जमिनीवर उरलेल्या मालात एक खूर उमटवला आणि आडवी आडवी तळ्याकडे चालू पडली.

नकाशेबाई जाता जाता भिंतीच्या टोकापाशी थांबल्या. बाहेर आलेल्या विटांवर हात ठेवून म्हणाल्या, "आणि हे दात काढून टाका. कडा गुळगुळीत करा. दात दिसले की कुणालातरी पुन्हा भिंत जोडायची बुद्धी होईल."

त्या गेल्यावर गवंडिणीने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळली. "काय हो. तुमची एवढी खात्री होती, मग दात कशाला ठेवले होते?"

ओळंब्याने मान खाजवली. "थोडी कमी होती," तो म्हणाला. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच तिच्यासमोर इतका वाकला होता.

दलाल त्यानंतर एकदा येऊन गेला. म्हातारीने त्याला पाणी पाजलं आणि म्हशींचं सोडून बाकी सगळ्या गोष्टी केल्या.

दात छिन्नीने उडवून दोन्ही कडांना गिलावा करायचा दिवस आला तेव्हा उन्हं कलत आली होती. गवंडिणीने माल बारीक चाळून कालवला. एवढ्या लोण्यासारखा तिने आजवर कुणाच्या बंगल्यालाही कालवला नव्हता. ओळंब्याने एक कड पुरी केली, मग दुसरी. ओळंबा सोडून पाहिला, दोन पावलं मागे सरून पाहिलं. दोन्ही कडा आरशासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. आता तिथे काही जोडायचं म्हटलं तर जोडता येणार नव्हतं.

तेवढ्यात म्हशी तळ्यावरून परतल्या. थोरली फटीत शिरली, नेहमीसारखी आडवी झाली आणि ओल्या कडेला चांगली मान घासली. एकदा खालून वर, एकदा वरून खाली. गिलाव्यात लांब ओरखडा उमटला आणि त्यात दोन-चार काळे केस अडकले. मग ती समाधानाने घराकडे निघाली.

"अरे देवा," म्हणत ओळंबा थापी घेऊन पुढे झाला.

गवंडिणीने त्याचा हात धरला. "सोडा."

तो थांबला. ओरखड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं.

"सोडा म्हणजे कुठलं सोडा?" त्याने विचारलं. "नीट सांग. मागच्या वेळी मोठा घोटाळा झाला होता."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि ओळंब्याने आज पहिली थट्टा केली होती. गवंडीण इतकी हसली की टोपी पडली आणि घरंगळत वाटेने निघाली. "दोन्ही," ती म्हणाली, आणि टोपी धरायला तळ्याच्या वाटेवर धावली.